ओट्याचं माप

धुळे रोडला, जिनिंगच्या पुढं, दगडाचं दुकान.
लाकडी चौकटींना टेकून उन्हात उभ्या लाद्या,
वैशाखातल्या दुपारी दोनला हात लावावा तर पोळेल.
मी पिशवीतून काढलं
अर्धं लिंबू, हळदीची पुडी, वाटीभर तेल
आणि चोपड्याकडचं एक हिरवंगार केळं.

दुकानातला पोरगा म्हणाला, पूजा आहे का काकू?
म्हटलं, परीक्षा आहे. तुझ्या दगडांची.

ह्यांना पांढरा क्वार्ट्झ हवा.
नाशिकला साडूंच्या फ्लॅटमध्ये पाहिला तेव्हापासून
तीनदा म्हणून झालं, कसा दुधासारखा.
साडूंकडे फोडणी पडते शनिवारी.
माझ्याकडे रोज वीस डझन केळी सोलली जातात,
स्टँडसमोरच्या तीन दुकानांना वेफर्स जातात.
हा ओटाही त्यातूनच होतोय,
चार वर्षांचे वेफर्स, एका डब्यात साठवलेले.

केळाचा चीक लागताना पाण्यासारखा.
काही बोलत नाही.
तासाभरानं काळा पडतो, मग जन्मभर बोलतो.
माझ्या प्रत्येक गाऊनवर त्याचा एक तालुका आहे.

तर चारही दगडांवर थेंब थेंब ठेवले
आणि पंख्याखाली चहा घेत बसलो.
संगमरवर लिंबू पिऊन मोकळा झाला,
थेंब होता तिथं आंधळा गोल.
क्वार्ट्झ तसा टिकला, खोटं कशाला बोलू,
हळदीची जरा पिवळी झाक, तेवढीच.
पण पोरगा हळूच म्हणाला, गरम कढई ठेवू नका हां.
गरम कढई ठेवायची नाही तर मी ठेवू कुठं, डोक्यावर?

कडप्प्याची परीक्षा घेतलीच नाही.
सव्वीस वर्षांची ओळख.
त्याचे पापुद्रे माझ्या चाकूला पाठ आहेत,
उजवीकडचा टवका तर मुलीच्या जन्माआधीचा.

राहिला कोपऱ्यातला ग्रॅनाइट.
ना काळा ना राखाडी,
कळण्याचं पीठ परातीत सांडावं तसा,
ज्वारीत उडीद, उडदात ज्वारी.
चीक पुसला. गेला.
तेल पुसलं. गेलं.
मी लादीवर बोट फिरवत राहिले,
पोराला वाटलं, भाव पाडतेय.

घरी सासूबाईंनी तुकडा नखानं वाजवून पाहिला.
"दगड चांगला शे. पन मन्हं खापर कोठे ठेवशी?"
ह्याचं उत्तर दुकानात नव्हतं.
मांड्यांचं खापर गॅसवर बसत नाही, ओट्यावर शोभत नाही.
मागच्या दारी चूल राहील, म्हटलं.
त्या हूं म्हणाल्या. पटलं की नाही, अजून कळलेलं नाही.

मग सुपडू मिस्त्री आला.
त्यानं ह्यांना विचारलं, उंची किती ठेवू?
हे म्हणाले, असते तेवढी.
सुपडूनं पेन्सिल कानावरून काढली
आणि मला म्हणाला, ताई, भिंतीला लागून उभ्या राहा.
हात दुमडा. लाटताना दुमडता तसा.
कोपराखाली चार बोटं सोडून
त्यानं भिंतीवर रेघ मारली.

ब्लाऊज सोडला तर
माझ्या मापाचं ह्या घरात काही नव्हतं.
जुना ओटा माझ्यापेक्षा तीन इंच उंच निघाला.
सव्वीस वर्षं मी खांदे वर करून भाकरी थापल्या
आणि दुखण्याला वारं धरलं म्हणत राहिले.

रेघ अजून आहे, टाइल्सच्या मागं.

सिंकसाठी कापलेला चौकोन सुपडू नेणार होता,
रिवाजच तसा, म्हणाला.
बराच वाद घातला, शेवटी वेफर्सच्या दोन पाकिटांवर सुटला.
आता त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या दुपारी
लाईट जाते, कढई उतरते,
तेव्हा मी तो फरशीवर घेते
आणि गाल टेकवते.
सासूबाई म्हणतात, येडी व्हयनी का वं?
मग सरकून येतात,
तळपाय टेकवायला दुसऱ्या टोकाला जागा मागतात.